होकायंत्राचा गेटपास

चार दिवस काकांचा फॉर्म माझ्या टेबलावर पडून होता आणि मी त्यावर सही करत नव्हते. खोटं कशाला बोलू, करायचीच नव्हती. चहाचा कप मुद्दाम त्यावर ठेवायची, उचलला की तपकिरी गोल उमटलेला बघायची आणि मनात म्हणायची, बरं झालं.

फॉर्म साधाच होता. आमच्या विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाने नवा नियम काढला होता की निवृत्त माणसांना यापुढे नुसत्या ओळखीवर आत सोडायचं नाही. नोकरीत असलेल्या कुणीतरी लेखी द्यायचं की या गृहस्थांचं आमच्याकडे काम आहे आणि ते आत असेपर्यंत त्यांची जबाबदारी माझी. एवढी एक सही. ती झाली तर काका आत येणार, नाही झाली तर फाटकाबाहेर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हा माणूस रोज सकाळी नऊला मल्लेश्वरमहून बसने येत होता आणि संध्याकाळपर्यंत आमच्या आवारात फिरत होता. घरी कुणी नाही, मुलगा वेगळा राहतो, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. फिरणं सोडून त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी हात उठेना.

का उठत नव्हता ते सांगते, म्हणजे मी दुष्ट आहे असं कुणाला वाटायला नको. थोडी आहे, पण कारण होतं.

आमच्या विद्यापीठाचं नाव सांगत नाही. बेंगळुरूत आहे एवढं पुरे. आवार इतकं मोठं की आत दोन पोस्ट ऑफिसं आहेत आणि एका वसतिगृहातली मुलं दुसऱ्या वसतिगृहातल्या मुलांना पदवीदान समारंभातच पहिल्यांदा बघतात. पण आकाराचं एवढं नाही, खरा छळ नावांचा. आमच्याकडे इमारतीला तिच्यात असलेल्या विभागाचं नाव नसतं, तिच्यातून निघून गेलेल्या विभागाचं असतं. 'केमिस्ट्री' म्हणतात तिथे गणितवाले बसतात. 'जुनं गणित' म्हणजे आता बँक. आणि 'न्यू ब्लॉक' ही सगळ्या आवारातली सर्वांत पडकी इमारत, तिच्या जिन्यात कबुतरं राहतात. नवा माणूस पहिले सहा महिने रडकुंडीला येतो. सातव्या महिन्यात तोही तसंच बोलायला लागतो आणि पुढच्या नव्याला रडवतो.

या सगळ्या घोळाचे महाराज म्हणजे आमचे काका. मूळचे साताऱ्याकडचे, इंजिनियर होऊन तरुणपणी इकडे आले आणि विद्यापीठाच्या बांधकाम विभागात चिकटले. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी हे त्यांचं खातं. नळाला पाणी आलं नाही की लोक त्यांच्याकडे जायचे, एवढीच खरं तर त्यांची कामगिरी. पण हा माणूस वागायचा असा, की विद्यापीठ यांनीच स्थापन केलं आणि कुलगुरू वगैरे मंडळी मागाहून भाड्याने राहायला आली. मराठी पोरं त्यांना पाठीमागे 'होकायंत्र' म्हणायची. हे एकदा त्यांच्या कानावर गेलं. आम्ही घाबरलो. तर स्वारी खूश. म्हणाले, होकायंत्राला एकच दिशा कळते, मला सगळ्या कळतात.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात लोखंडी टोकाची काठी. काठी आधाराला नव्हे, चेंबरची झाकणं ठोकायला. रस्ता सांगायची त्यांची तऱ्हा ऐकाल तर कपाळाला हात लावाल. कुणी बिचारा विचारतो, लायब्ररी कुठे आहे. काका सांगणार, सरळ जा, तीन चेंबर सोड, चौथ्या झाकणाला तडा गेलाय, तिथून सहा इंची लाइन डावीकडे वळते, तिच्या कडेने चालत राहा, व्हॉल्व्ह आला की थांब. तो बिचारा मान वर करून इमारती शोधायचा. मग त्याच्यावर ओरडायचे, वर काय बघतोस, खाली बघ. अख्खी दुनिया इमारती बघत चालते आणि हे गटारं बघत. आणि वर त्याचा टेंभा.

पाट्या मात्र लावू द्यायचे नाहीत. ते नोकरीत होते तोवर दिशादर्शक पाट्या लावायची फाईल तीनदा त्यांच्या टेबलावरून गेली आणि तीनदा त्यांनी तिच्यावर 'आवश्यकता नाही' असा शेरा मारला. पाट्या लावल्या की माणूस बघणं सोडतो, असं म्हणायचे. आणि आयुष्यात एक वाक्य या माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही, ते म्हणजे 'मला माहीत नाही'. माहीत नसलेल्या ठिकाणीही ते लोकांना तितक्याच ठणकावून पाठवायचे.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी विसरूच शकत नाही. मी निपाणीची. पीएचडीच्या इंटरव्ह्यूला रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी बेंगळुरूत उतरले, मावशीकडे तोंड धुतलं आणि फाटकाशी आले ती नऊला दहा मिनिटं कमी असताना. इंटरव्ह्यू साडेनऊचा. विभाग कुठे म्हणून वॉचमन अण्णांना कन्नडमध्ये विचारत होते, तेवढ्यात हे मागून आले. मराठी वळणाचं आडनाव कॉल लेटरवर दिसलं आणि संपलं. कुठली, कुणाची, कुठे उतरलीस, सगळं विचारून झालं आणि म्हणाले, चल, मी नेतो. त्या वेळी मला वाटलं देव भेटला.

विभागाची इमारत फाटकापासून चार मिनिटांवर आहे. चार. आज मी इथेच शिकवते, रोज तीच वाट चालते, माझी खोलीही आता त्याच इमारतीत आहे. पण ती वाट इमारतीच्या मागच्या बाजूने आत जाते. आणि काकांचं म्हणणं, पहिल्यांदा एखाद्या जागी जायचं तर समोरून जावं, मागच्या दाराने शिरू नये. म्हणून त्यांनी मला समोरून नेलं. समोर म्हणजे कुठे, तर ती इमारत बांधली तेव्हा जो रस्ता होता त्या बाजूने. सगळ्या आवाराला वळसा. पंपहाऊस दाखवलं, पाण्याची टाकी दाखवली, एका ठिकाणी काठीने झाकण ठोकून हे ऐक, हे ऐक म्हणून मला वाकायला लावलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी घड्याळ दाखवत होते, ते हातानेच थांब म्हणत होते. शेवटी समोरच्या दाराशी पोचलो तर त्याला कुलूप. ते दार बारा वर्षं बंद होतं आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणाले, असू दे, तू समोरून आलीस हे महत्त्वाचं. मग पुन्हा वळसा घालून मागच्या दाराने आत.

मी एक चप्पल हातात धरून धावत आत गेले तेव्हा माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. समितीतल्या बाईंना दया आली म्हणून शेवटी घेतलं. माझं नशीब आणि माझा अभ्यास, दोन्ही बरे होते, निवड झाली. पण त्यानंतर आजतागायत काका ज्याला त्याला सांगत आले की हिला इथे मी आणली. मी नेलं म्हणून लागली, नाहीतर फाटकावरूनच परत गेली असती. माझ्या नवऱ्याला लग्नाच्या पंगतीत हे सांगितलं. माझ्या सासऱ्यांना सांगितलं. पीएचडी मिळाली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, तरी मी तुला समोरून नेलं होतं.

पुढे मराठी मंडळात माझी वर्णी लागली आणि दरवर्षी ऑगस्टमधली ती वरात मला जवळून बघायला मिळाली. नवी मराठी मुलं आली की एका रविवारी काका त्यांना आवार दाखवायला काढायचे. तीन तास. निघताना सगळ्यांचे मोबाईल एका कापडी पिशवीत गोळा करायचे आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावायचे. शेवटी मुलांना बांबूच्या बनापलीकडे नेऊन सोडायचे, आता आपापलं परत या म्हणायचे आणि स्वतः कँटीनमध्ये जाऊन तिथल्या अक्काकडून फिल्टर कॉफी घेऊन बसायचे. पुण्याची एक मुलगी दुपारी दोनला पोचली, तीही दूधवाल्याच्या टेम्पोतून. पायांचे तुकडे पडले होते तिच्या, मोबाईल घेतला आणि तिथेच आईला फोन लावून रडली. एका पोराने नुसतं एवढंच विचारलं की काका, लोकेशन टाकलं असतं तर चाललं नसतं का. त्याच्याशी ते दोन वर्षं बोलले नाहीत. आणि गंमत बघा, दोन वर्षं तो पोरगा माफी मागायला त्यांच्यामागे फिरत होता. माणसांना असे भक्त भेटले की ती शेफारतात ती अशी.

पण कळस केला तो पदवीदानाला. ते निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी. मुख्य रस्ता खणला होता, म्हणून पाहुण्यांच्या गाडीला दुसऱ्या वाटेने आणायचं होतं. वाट काकांशिवाय कुणाला ठाऊक, म्हणून काकांना गाडीत पुढे बसवलं. पाहुणे परदेशातून आलेले मोठे शास्त्रज्ञ. आम्ही सगळे नव्या सभागृहात बसलोय, बँड तयार, झगे घातलेली मुलं घामाने भिजलेली, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. कुलसचिव बाहेर धावले.

काकांनी गाडी जुन्या सभागृहाला नेली होती. ते जुनं सभागृह आठ वर्षांपूर्वीच वसतिगृहाच्या मेसला दिलेलं. पाहुणे आत शिरले तर समोर तांदळाची पोती, कांद्याचा ढीग आणि सांबारासाठी भोपळा चिरत बसलेल्या दोन बायका. पाहुणे सभ्य होते म्हणून, नाहीतर विद्यापीठाची अब्रू तिथेच चुलीत गेली होती. कुलसचिव पोचले ते थरथरत. आणि आमचे काका काय म्हणाले असतील. चुकलो म्हणाले का. छे.

"सभागृह हेच आहे," म्हणाले. "कार्यक्रम तुम्ही हलवलात."

मेमो मिळाला. तो त्यांनी कितीतरी दिवस शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि लोकांना काढून दाखवत होते, जसं काही सन्मानपत्रच.

आता त्यांची एक बाजू मला सांगावीच लागेल, नाहीतर कुणीतरी म्हणेल हिने ती लपवली. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या इमारतीखाली पाण्याची मोठी लाइन फुटली. तळघरात माझं यंत्र होतं, चार वर्षांचं काम त्यावर उभं होतं आणि पाणी पायरीपायरीने खाली उतरत होतं. नवे इंजिनियर टॅबलेट घेऊन इकडून तिकडे धावत होते. बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्यांच्या कुठल्याच नकाशात नव्हतं. मी फोन केला. काका त्या वेळी आवारातच कुठेतरी भटकत होते, दहा मिनिटांत आले. लॉनवर चार पावलं इकडे, दोन तिकडे, काठी टोचली, पुन्हा टोचली आणि म्हणाले, इथे खणा. हातभर खाली व्हॉल्व्ह होता. पाणी थांबलं. यंत्र वाचलं. मी रडले त्या दिवशी, सगळ्यांसमोर रडले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, यंत्र तळघरात ठेवायची अक्कल कुणाची म्हणून तासभर सगळ्यांना झोडपत बसले.

पण त्याच प्रकरणातून मला एक गोष्ट कळली आणि त्यानंतर माझ्या मनातून हा माणूस साफ उतरला. नव्यांपैकी एका कन्नड इंजिनियरने हात जोडले. म्हणाला, सर, स्वल्प बसून एकदा सगळ्या लाइनी कागदावर काढून द्या, आम्ही चहा पाजतो, गाडीने घरी सोडतो. काका नाही म्हणाले. पुढे वर्षभर तो पोरगा मागे लागला होता, हे नाहीच म्हणत राहिले. मी एकदा चिडून विचारलं की काका, एवढं पोटात ठेवून काय करणार आहात.

त्यांनी काठीचं टोक बुटावर आपटत मला उत्तर दिलं, "काढून दिलं की मला कोण विचारणार?"

अगदी सरळपणे म्हणाले. म्हणजे चाळीस वर्षं पाट्या लावू दिल्या नाहीत, नकाशा काढला नाही, पोरींना बांबूच्या बनात सोडून दिलं, ते सगळं एवढ्यासाठी. माझ्यावर यंत्र वाचवल्याचे उपकार होते म्हणून मी गप्प बसले. आणि उपकाराखाली गप्प बसावं लागलं की माणसाचा राग दुप्पट होतो, माझा तरी झाला.

शेवटी विद्यापीठाने जमिनीखालचं बघणारं एक यंत्र मागवलं. दोन पोरं ते लॉनमोवरसारखं ढकलत महिनाभर आवारात फिरली आणि सगळ्या लाइनींचा नकाशा तयार झाला. पाठोपाठ चौकाचौकांत निळ्या पाट्या लागल्या, कन्नड आणि इंग्रजीत, बाणांसकट. प्रत्येक पाटीवर चौकोनी कोड, तो फोनने टिपला की रस्ता दिसतो. काका फाटकाशी उभे राहायचे पण आता त्यांना कुणी काही विचारेना. पोरं फोनकडे बघत बाजूने निघून जायची. मला मनातून बरं वाटलं. हो, वाटलं. असंच पाहिजे म्हटलं.

त्याच सुमारास त्यांचा मुलगा त्यांना महादेवपुऱ्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला होता. सात टॉवर, सगळे एकसारखे. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काका खाली फिरायला उतरले आणि त्यांना आपला टॉवर सापडेना. विचारायला तोंड उघडेना ते वेगळंच. दोन तास फिरत होते. शेवटी तिथल्या सिक्युरिटीने इंटरकॉमवरून मुलाला कळवलं की तुमचे वडील पार्किंगमध्ये चेंबरची झाकणं ठोकत बसलेत. मुलाने हे मला फोनवर हसत सांगितलं आणि मी त्याच्यापेक्षा जास्त हसले. ऑफिसात चारचौघांना रंगवून सांगितलं. काका तिसऱ्या दिवशी मल्लेश्वरमला परत आले.

आणि मग जूनमध्ये तो गेटपासचा नियम आला. पहिल्या दिवशी काय झालं ते मला वॉचमन अण्णांनी सांगितलं. जुने अण्णा आता फक्त फाटक उघडतात, पास तपासायला ओडिशाची नवी मुलं आली आहेत. त्यांतल्या एकाने काकांना अडवलं. काकांना वाटलं चुकून अडवलं. त्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं की हे फाटक मी बसवलंय. तो मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "अच्छा अंकल. पास?" अण्णा मध्ये पडले, पण त्यांचं कोण ऐकतो. दीड तास काका फाटकाबाहेरच्या मोठ्या झाडाखाली उभे होते. मग बस पकडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी तो फॉर्म अण्णांच्या हाती माझ्याकडे आला. वर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेलं, खुणेच्या जागी सही कर. कृपया नाही, बाई गं नाही, काही नाही. मी आणली तिला, म्हणजे ती सही करणारच.

म्हणून चार दिवस चहाचा कप.

पाचव्या दिवशी सकाळी अण्णांनी मला फाटकाशी थांबवलं. म्हणाले, मॅडम, सर रोज येतात, नऊला येतात, अकरापर्यंत झाडाखाली उभे राहतात आणि जातात. तुमचं काम चालू असेल म्हणतात. मी अण्णांना सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि वर आले. वर येईस्तोवर मला आधी त्यांचा राग आला, मग माझा आला, मग पुन्हा त्यांचा. एवढं झाडाखाली उभं राहायचं तर एक फोन करायला काय जीभ झडली होती.

फॉर्म पुढे ओढला. बाकी सगळं त्यांनी इंजिनियरी अक्षरात भरलं होतं, दोनच रकाने कोरे होते. भेटीचं काम आणि भेटीचं ठिकाण. मी फोन लावला. काय काम लिहू, कुठे जाणार म्हणून लिहू, असं विचारलं. म्हणाले, तुला सुचेल ते लिही. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने मला माझ्या मर्जीवर सोडलं होतं. मी चरफडत काम या रकान्यात 'तांत्रिक सल्ला' लिहिलं, ठिकाण या रकान्यात माझ्या खोलीचा नंबर लिहिला, दोनशे चौदा, सही केली आणि फॉर्म धाडून दिला. मला काय, कटकट गेली. आत आल्यावर फिरतील कुठेही, आत कोण विचारतंय.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी काका माझ्या दारात. गळ्यात पास लटकवलेला, काठी बगलेत. आत आले, समोरच्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. मला वाटलं आभार मानतील आणि उठतील. ते बसले. अकरा वाजले, बारा वाजले. मी माझं काम करतेय आणि हे भिंतीकडे बघतायत. मी म्हटलं, काका, फिरून या ना. तर पास उचलून माझ्यासमोर धरला.

"इथे काय लिहिलंय? दोनशे चौदा. नियम मोडून फिरायचं वय नाही माझं."

मी समजावलं की आत कुणी बघत नाही, सगळे असेच फिरतात. ऐकेनात. लिहिलंय ते लिहिलंय. पाच वाजता उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फॉर्मवर तांत्रिक सल्ला लिहिला होता ना, म्हणून माझ्या खोलीतल्या बेसिनखाली वाकून बघितलं आणि उतार चुकलाय असा सल्ला दिला. मग खिडकीच्या बिजागरीबद्दल दिला. विद्यार्थी आत यायला बिचकायला लागले. माझी एक महत्त्वाची मीटिंग मला जिन्यात उभी राहून फोनवर करावी लागली. असे सहा दिवस. सहाही दिवस हा माणूस फाटकापासून माझ्या खोलीपर्यंत मागच्या दाराने, चार मिनिटांच्या वाटेने आला आणि त्याच वाटेने गेला.

सातव्या दिवशी दुपारी माझा एक रिपोर्ट द्यायचा होता, डोकं आधीच फिरलेलं, आणि हे म्हणाले, त्या नळाचा वॉशर बदलायला झालाय. माझा तोल गेला.

"काका, मला काम आहे हो," मी म्हटलं. "तुमचं इथे काही काम नाही."

ते बरं म्हणाले. अगदी साधं बरं. काठी घेतली, खुर्ची पुन्हा टेबलाला लावली आणि गेले. मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले, पण अक्षर दिसेना. उठून खिडकीशी गेले. खाली ते रस्त्याने चालले होते. पुढे तिठ्यावर सरळ रस्ता फाटकाकडे जातो आणि उजवीकडचा पंपहाऊसकडे, त्यांच्या जुन्या ऑफिसकडे. तिठ्यावर येऊन ते थांबले. उजवीकडे बघत उभे राहिले.

मी खिडकी उघडली आणि दुसऱ्या मजल्यावरून ओरडले. उजवीकडे वळा, काका, उजवीकडे. रस्त्यावरची पोरं वर बघायला लागली. मला लाज वाटली नाही, मी पुन्हा ओरडले. त्यांनी वर बघितलं, गळ्यातला पास हातात धरून मला दाखवला आणि सरळ फाटकाकडे गेले.

अर्ध्या तासाने सुरक्षा विभागातून फोन आला. मॅडम, तुमच्या पाहुण्यांनी पास परत केलाय, मुदत अजून सहा महिने आहे, तुमच्या फाईलला लावायचा म्हणून कळवलं. परत करण्याचं कारण काय लिहिलंय, मी विचारलं. त्याने रजिस्टर ओढल्याचा आवाज आला. म्हणाला, सहीखाली 'वर्क कम्प्लिटेड' लिहिलंय, मॅडम. बांधकाम खात्याची माणसं काम संपलं की बिलावर हेच दोन शब्द लिहितात.

मला फक्त त्यांना माझ्या खोलीतून बाहेर काढायचं होतं.